रान माजलेली बाग पावसाआधी हाती घेताना : इंदूरच्या अंगणासाठी तयारीची यादी

इंदूरच्या जुन्या घरांभोवतीच्या बागेकडे दोन पावसाळे कुणी पाहिलं नाही की गाजर गवत कमरेला लागतं, कुंपणावर घाणेरी चढते आणि लिंबाखाली उभं राहायला जागा उरत नाही. हे काम एका रविवारचं नाही आणि एका रविवारी उरकूही नये. कामाचा क्रम माळव्याच्या काळ्या मातीवर ठरतो. ओली असली की ती चिकटते, वाळली की भेगाळून टणक होते आणि मधल्या थोड्या दिवसांतच हाताला येते. म्हणून सफाई आणि खड्डे मे महिन्यात, लागवड दोन-तीन चांगल्या पावसांनंतर आणि छाटणी ज्या त्या झाडाच्या वेळेला, एवढं आधी ठरवून घ्यावं.

हत्यारं थोडीच लागतात, पण धारदार हवीत: कुदळ, फावडं, पहार, खुरपं, विळा, छाटणीची कात्री, घडीची करवत, दोन घमेली. कोपरापर्यंतचे हातमोजे आणि बूट यांत तडजोड नको. गवतात हात घालण्याआधी काठी आपटून घ्यावी. विटांचे ढीग, फुटक्या कुंड्या, जुने पत्रे काठीने किंवा पहारीने सरकवावेत, कारण विंचू आणि साप तिथेच गारव्याला बसतात. साप दिसला तर दूर व्हावं आणि सर्पमित्राला बोलवावं. दंश झालाच तर चिरा देणं, घट्ट बांधणं हे काही करू नये. तो अवयव हलू न देता लगेच मोठं रुग्णालय गाठावं. मे महिन्यात सकाळी सहा ते नऊ एवढंच काम पुरे.

सगळ्यात जास्त वेळ तणाला द्यावा, कारण घाईने काढलेलं तण दुप्पट होऊन येतं. गाजर गवत फुलायच्या आत, आदल्या संध्याकाळी पाणी मारून, मुळासकट उपटावं. वरून कापलं तर बुंध्यातून पुन्हा फुटतं. त्याने अंगाला खाज येते, पुरळ उठतं आणि परागांनी शिंका-दम्याचा त्रास होतो, म्हणून बाह्या लांब हव्यात आणि नाका-तोंडावर रुमाल हवा. फुलावर आलेलं झाड खताच्या ढिगात टाकू नये, एकेका झाडावर हजारो बिया असतात. लव्हाळा, म्हणजे नागरमोथा, याहून चिवट. जमिनीखाली त्याच्या गाठी साखळीने जोडलेल्या असतात. कुदळीने उकरलं की साखळी तुटते आणि झोपलेली प्रत्येक गाठ स्वतंत्र कोंब काढते. माती ओलसर असताना खुरप्याने खोल जाऊन गाठीसकट काढावा आणि पुढे फुटणारा प्रत्येक कोंब तीन आठवड्यांच्या आत खुडावा. त्यानंतर त्याच्या नव्या गाठी धरायला लागतात. पुठ्ठे अंथरून हा दबत नाही, त्याची टोकं पुठ्ठा फोडून वर येतात. हरळीची मुळं धावती, तीही वेचूनच काढावी लागतात. मात्र एका पसरट कुंडीत हरळी जरूर ठेवावी, गणपतीत दूर्वा घरच्याच मिळतील.

रिकाम्या झालेल्या वाफ्यांना मेच्या उन्हाचा फायदा द्यावा. ढेकळं फोडून जमीन सपाट करावी, भरपूर पाणी द्यावं आणि २५ ते ५० मायक्रॉनचा पारदर्शक प्लॅस्टिक कागद ताणून कडा मातीत गाडाव्यात. चार ते सहा आठवड्यांत वरच्या थरातल्या बहुतेक बिया आणि बऱ्याच बुरशा मरतात. काळा कागद घेऊ नये, तो स्वतःच तापतो आणि माती कमी तापते. लव्हाळ्याच्या खोल गाठी मात्र यातूनही वाचतात.

झाडांकडे वळताना आधी वाळलेलं, मोडलेलं, किडलेलं तेवढंच काढावं. भर उन्हाळ्यात हिरव्या फांद्या भरमसाट उतरवल्या तर आजवर सावलीत असलेली साल उन्हाने भाजते आणि तिथे खोडकिडा शिरतो. लिंबाचे सरळसोट उभे वाढलेले पाणफुटवे आणि कलमाच्या डोळ्याखालून, म्हणजे जोडाच्या खालून, आलेले फुटवे मुळाशी काढावेत. गुलाबातही डोळ्याखालून फुटलेली जंगली फांदी ठेवली की वरचं चांगलं झाड मरत जातं. जास्वंद पावसाच्या तोंडावर एक-तृतीयांश कापली तर चालते. अंगठ्याहून जाड जखमेला बोर्डो मलम लावावं: शंभर ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) प्लॅस्टिकच्या भांड्यात अर्धा लिटर पाण्यात विरघळवावं, शंभर ग्रॅम चुना वेगळ्या अर्धा लिटरमध्ये, मग दोन्ही एकत्र ढवळावं. लोखंडी सुरीचं पातं बुडवून पाहावं. त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला आहे. मलम त्याच दिवशी संपवावं. अख्खं झाड तोडायचं असेल तर ते आपल्या आवारात असलं तरी परवानगी आधी घ्यावी. मध्य प्रदेशात शहरी भागातल्या झाडांसाठी २००१ चा कायदा लागू आहे.

निघालेला पालापाचोळा जाळू नये. राख अल्कधर्मी, आपली मातीही तशीच. शिवाय हा पाचोळा कुजवण्याची जगभर नावाजलेली रीत याच शहरातली. अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इथल्या वनस्पती संशोधन संस्थेत ती बसवली आणि ती ‘इंदूर पद्धत’ म्हणूनच ओळखली जाते. घरासाठी एक मीटर लांब-रुंद जागा पुरते. तळाला जाड काटक्यांचा वीतभर थर घालावा, म्हणजे हवा खेळते. वर वीतभर हिरवा-सुका पाला, त्यावर शेणकाला, त्यावर चिमूट-चिमूट माती, असे थर मीटरभर उंचीपर्यंत चढवावेत. मुठीत दाबल्यावर एखाद-दुसराच थेंब यावा एवढी ओल हवी. पंधरा दिवसांनी, महिन्याने आणि दोन महिन्यांनी ढीग पालटावा. तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस खत हाताला येतं. वास मारायला लागला तर सुका पाला वाढवावा, ढीग तापतच नसेल तर पाणी आणि शेण.

खड्डे मेमध्येच काढून तापू द्यावेत: लिंबू-पेरूला दोन फूट लांब, रुंद, खोल. जास्वंद-पारिजातकाला दीड फूट, मोगऱ्याला एक फूट. काळ्या मातीतला खड्डा पावसात विहिरीसारखा भरून राहतो आणि मुळं गुदमरतात, म्हणून आधी परीक्षा घ्यावी. फूटभर खड्डा पाण्याने भरावा. चोवीस तासांनीही पाणी दिसलं तर तिथे झाड आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वीतभर उंच गादीवर लावावं. सोनचाफ्यासाठी तर हे करावंच, साचलेल्या पाण्यात तो हमखास कुजतो. वाफ्यांना शंभर चौरस फुटांमागे पन्नास किलो पूर्ण कुजलेलं शेणखत पुरतं. कच्चं शेण घातलं की वाळवी आणि हुमणी (मुळं खाणारी अळी) आलीच. घमेलंभर वाळू टाकून माती मोकळी होत नाही, खतानेच होते.

पाऊस पडला म्हणून लगेच खोदू नये, वाफसा येऊ द्यावा, म्हणजे माती ना चिकट ना टणक अशी होऊ द्यावी. मूठभर मातीचा गोळा करून कमरेच्या उंचीवरून सोडावा. फुटला तर काम सुरू करावं, चपटा होऊन चिकटला तर आणखी एक-दोन दिवस थांबावं. ओल्यात तुडवलेल्या काळ्या मातीची ढेकळं पुढे वर्षभर फुटत नाहीत.

रोपवाटिकेत फुलांनी लगडलेलं उंच रोप मोहात पाडतं, पण बुटकं, जाड बुंध्याचं आणि खालून फुटवे असलेलं घ्यावं. रोप लावताना पिशवी फाडून काढायची. तळाशी गोल फिरलेली मुळं कापायची. परगावच्या चिकण मातीचा घट्ट गोळा असेल तर तासभर पाण्यात ठेवून त्याचा बाहेरचा थर सोडवायचा, नाहीतर मुळं त्या गोळ्याबाहेर पडतच नाहीत. कलमाचा जोड जमिनीच्या वर चार बोटं तरी राहावा. लिंबू भिंतीपासून पाच फूट, दोन मोगऱ्यांत तीन फूट. अळू मोरीच्या पाण्याजवळ. अनंताला आम्लधर्मी माती लागते, तो कुंडीतच बरा.

नवी पानं पिवळी पण शिरा हिरव्या, असं लिंबावर किंवा गुलाबावर दिसलं तर पाणी वाढवू नये. चुनखडीमुळे लोह झाडाला मिळत नाही, हे त्याचं लक्षण. एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि अडीच ग्रॅम चुना, गाळून, संध्याकाळी फवारावं आणि पंधरा दिवसांनी पुन्हा. पावसाची उघडीप झाली की बुंध्याभोवती दोन-तीन इंच सुका पाला पसरावा, पण खोडाला चिकटू न देता. गुलाबाची छाटणी ऑक्टोबरच्या मध्यावर आणि मोगऱ्याची जानेवारीअखेर करावी, त्याआधी त्यांच्या चांगल्या फांद्यांना कात्री लावू नये.