पोलारिमीटरचा आकडा जुळत नाही? या चुका टाळा

पोलारिमीटर म्हणजे द्रावणातून जाताना ध्रुवित (एकाच प्रतलात कंप पावणारा) प्रकाश किती अंश वळतो ते मोजणारं यंत्र. १०० मिलीत १० ग्रॅम साखर, २० सेंटिमीटरची नळी, सोडियमचा पिवळा दिवा. वाचन +१३.३ अंशांच्या आसपास यायला हवं, आणि बहुतेकदा येतंही. तरी जर्नलात विशिष्ट वलन ६६.५ ऐवजी ६.६५ लिहिलेलं असतं. विशिष्ट वलन म्हणजे वाचन भागिले नळीची लांबी गुणिले तीव्रता (ग्रॅम प्रति मिली), आणि या सूत्रात लांबी डेसिमीटरमध्ये घालायची असते. २ च्या जागी २० घातले की झालं.

त्याआधीची गडबड नळीतच होते. बुडबुडा राहिला असेल तर तो नळीच्या फुगीर भागात सरकवा, प्रकाशाच्या वाटेत नको. टोपण गळू नये म्हणून करकचून आवळू नका: ताण आलेली काच स्वतःच ध्रुवित प्रकाशात ढवळाढवळ करते. शून्य त्याच नळीत पाणी भरून घ्या. आणि यंत्रात डोकावल्यावर दिसणाऱ्या वर्तुळाचे दोन्ही अर्धे भाग सारखे दिसतात अशा जागा दोन असतात. वाचन अंधुक जागेवर घ्यायचं. लख्ख उजेडात डोळ्याला बारीक फरक कळत नाही.

ग्लुकोजचा आकडा तासाभरात उतरत गेला तर यंत्राला दोष देऊ नका. α-ग्लुकोज +११२ च्या आसपास सुरू होतो आणि पाण्यात β रूपाशी समतोल साधत +५२.७ वर थांबतो. घाई असेल तर अमोनियाचे थेंब टाका, नाहीतर द्रावण रात्रभर ठेवा.

+१३.३ हे खरं तर −१६६.७ सुद्धा असू शकतं, तबकडीवर दोन्ही एकाच जागी येतात. द्रावण निम्मं पातळ करा. ६.६५ आलं तर पहिलं खरं, ९६.६५ आलं तर दुसरं.

सगळ्यात चिवट चूक मात्र डोक्यातली: D म्हणजे उजवीकडे वळवणारा. D-फ्रुक्टोज डावीकडे वळवतो, तेही चांगलं −९२ च्या आसपास! D आणि L रेणूची रचना सांगतात, अधिक-उणे प्रकाशाचं वळण; एकावरून दुसरं ठरवू नका.

शून्य आलं म्हणून रेणू कायरल (आपल्या आरशातल्या प्रतिमेशी तंतोतंत न जुळणारा) नाही, असंही लिहू नका. पाश्चरने १८४८ मध्ये पॅराटार्टारिक आम्लाच्या क्षाराचे स्फटिक चिमट्याने निवडून दोन ढीग केले. त्या आम्लाचं द्रावण प्रकाश वळवत नव्हतं, पण निवडलेले ढीग विरघळवल्यावर एक उजवीकडे, दुसरा डावीकडे वळवू लागला. उजव्या आणि डाव्या रेणूंच्या अशा निम्म्या-निम्म्या मिश्रणात वर्तुळ-द्विवर्णता (उजव्या आणि डाव्या वर्तुळी ध्रुवित प्रकाशाच्या शोषणातला फरक) मोजणारं महागडं यंत्रसुद्धा शून्यच दाखवतं. तिथे आधी कायरल कॉलमवर (अशी दोन रूपं वेगळी करणाऱ्या भरलेल्या नळीवर) दोघांना वेगळं करा, मग दिवा लावा.