तापीच्या पुराची संगणकावरील तालीम

आपत्तीच्या वेळी घटनास्थळ सांभाळण्याचा सराव संगणकावर घ्यायचा असेल, तर प्रसंग आपल्या खानदेशातलाच निवडावा: हतनूर धरणाच्या ४१ दरवाजांपैकी बहुतेक उघडले आहेत, तापीचे पाणी चढते आहे आणि रात्र आहे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या २०१० च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे घटना प्रमुख आणि त्याच्या हाताखालचे कार्यवाही, नियोजन व रसद हे तीन विभाग आधीच नेमून द्यावेत.

खरे कसब माहिती किती आणि केव्हा द्यावी यात आहे. सुरुवातीला पडद्यावर फक्त नदीची पातळी दाखवावी. मग चोपड्याकडचा रस्ता बंद झाल्याचा निरोप, पाठोपाठ तो खोटा ठरवणारा दुसरा निरोप द्यावा, आणि तलाठ्याचा फोन मुद्दाम मध्येच तोडावा, म्हणजे अपुऱ्या माहितीवर निर्णय घेण्याची सवय लागते. चित्रे हुबेहूब करण्यावर खर्च करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रत्येक निर्णयाची वेळ आणि कारण यांची नोंद मात्र झालीच पाहिजे. प्रमुख स्वतःच बोटींची जुळवाजुळव करू लागला, तर सराव तिथेच थांबवून हे काम रसद विभागाचे आहे, याची त्याला जाणीव करून द्यावी. नोंदींवर सर्वांसमोर चर्चा झाल्यावर तोच प्रसंग प्रमुख बदलून पुन्हा चालवावा.