छोटा ट्रॅक्टर घेताना आधी वर्कशॉप बघा, मग शोरूम

पेरणीला अजून दोन-अडीच महिने आहेत, रान मोकळं आहे, शोरूममध्ये गर्दी नाही. छोटा ट्रॅक्टर घ्यायचं मनात असेल तर हेच दिवस. एकदा वाफसा आला की डेमो द्यायला माणूस सापडत नाही, मेकॅनिक दिवसभर बाहेर असतात आणि आपणही घाईत असेल तो रंग उचलून आणतो. शिवाय नव्या मशीनची बारीकसारीक दुखणी पहिल्या चाळीस-पन्नास तासांत वर येतात. ती आत्ता आली तर निस्तरता येतील, पेरणीच्या आठवड्यात आली तर हंगाम घालवतील.

छोटा म्हणजे इथे साधारण १८ ते ३५ एचपीचा. बागेत, भाजीपाल्यात, पॉलिहाऊसच्या आसपास, थोड्या जमिनीवर राबणारा.

लोक पहिला प्रश्न विचारतात तो कंपनीचा: "कुठला घेऊ?" मी उलट विचारतो, तुमच्यापासून कुणाचं वर्कशॉप जवळ आहे आणि तिथे खरंच कोण काम करतं? हे ऐकून बरेच जण नाराज होतात. त्यांना नाव हवं असतं. पण छोट्या ट्रॅक्टरच्या बाबतीत बॉनेटवरचं नाव आणि आतलं यंत्र यांची फारकत फार जुनी आहे. जॉन डिअरच्या कित्येक छोट्या ट्रॅक्टरांत जपानच्या यानमारची इंजिनं बसली आहेत. मॅसी फर्ग्युसनचे अनेक छोटे मॉडेल इसेकीने बनवले आहेत. न्यू हॉलंडच्या बूमर मालिकेतले काही ट्रॅक्टर कोरियाच्या एलएसच्या कारखान्यातून आले. यात फसवणूक काही नाही, धंद्याची ही सरळ रीत आहे. मात्र "आमच्या घरात पिढ्यानपिढ्या लालच" किंवा "हिरव्याशिवाय नाही" असं छातीठोक बोलणाऱ्याने एकदा इंजिनावरची पाटी वाचावी.

कंपनीला किंमत नाही असं मात्र म्हणू नका. एखादं मॉडेल किती वर्षांपासून बाजारात आहे, त्याचे पार्ट अजून किती वर्षं मिळतील, विकायला काढलं तर गिऱ्हाईक येईल का, या तीन गोष्टी कंपनीशी बांधलेल्या आहेत. अगदी नवं मॉडेल पहिल्याच वर्षी घ्यायला मी सांगत नाही. त्याच्या खोड्या इतरांच्या रानात निघू द्याव्यात.

अवजारांसाठी एकाच कंपनीत अडकून पडण्याची भीती मात्र बाळगू नका. मागची तीन टोकांची जोडणी, आपण जिला थ्री पॉइंट लिंकेज म्हणतो, ती हॅरी फर्ग्युसन यांची. १९३९ साली आलेल्या फोर्ड ९एन ट्रॅक्टरमुळे ती मोठ्या प्रमाणावर शेतात पोचली, पुढे तिची मापं जगभर ठरून गेली. छोट्या ट्रॅक्टरवर बहुधा कॅटेगरी एक असते: खालच्या दोन पिना २२ मिलिमीटरच्या, वरच्या टॉप लिंकची १९ ची. अगदी लहान यंत्रांवर त्याहून बारीक मापही दिसतं. पीटीओ म्हणजे इंजिनाची ताकद अवजाराला देणारा मागचा फिरता दांडा. तो सहा खाचांचा, ३५ मिलिमीटरचा आणि मिनिटाला ५४० फेरे, हेही छोट्या ट्रॅक्टरांवर जवळपास सगळीकडे सारखं. म्हणून एकाचा रोटाव्हेटर, म्हणजे फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारं अवजार, दुसऱ्याला बिनदिक्कत लागतो. क्लच प्लेट मात्र लागत नाही. ऑइल सील लागत नाही, हायड्रॉलिक पंप लागत नाही. ते त्याच मॉडेलचे हवेत, आणि ते कुठे आहेत हा सगळा प्रश्न आहे.

मी स्वतः हे ठेचाळूनच शिकलो. पहिला छोटा ट्रॅक्टर घेतला तेव्हा दोन शोरूम होती, एक जवळचं आणि एक बरंच लांब. लांबच्याने चांगलं पटवलं, मशीनही देखणं होतं. दुसऱ्या हंगामात पुढच्या एक्सलमधून तेल झिरपू लागलं. सील तळहातावर मावेल एवढं, ते यायला नऊ दिवस लागले. तोवर वाफसा निघून गेला आणि मी भाड्याने औत शोधत फिरलो. मशीन वाईट नव्हतं. आजही एकाच्या बागेत ते चालतंय.

तेव्हापासून मी अंतर वेगळ्या मापाने मोजतो. फोन केल्यापासून मेकॅनिक बांधावर उभा राहीपर्यंत किती तास, आणि पार्ट नसेल तर तो यायला किती दिवस. वीस किलोमीटरवर नुसतं शोरूम आहे, मेकॅनिक एकच आणि पार्टांच्या फळ्या रिकाम्या. साठ किलोमीटरवर तीन मेकॅनिक आणि शेतावर येणारी गाडी आहे. मी दुसऱ्याकडे जाईन. पण त्याच्याही फार पलीकडे जाणार नाही, कारण वॉरंटीतलं मोठं काम निघालं की ट्रॅक्टर गाडीवर चढवून न्यावा लागतो आणि तो खर्च कोण देणार यावर बोलणं वाढतं. हे आधीच विचारा, लेखी घ्या. पहिलं सर्व्हिसिंग साधारण ५० तासांना येतं. ते शेतावर येऊन करतात का, हेही त्याच कागदावर येऊ द्या.

डीलरला पारखायची माझी रीत साधी आहे. विक्रीच्या टेबलाजवळ न बसता सरळ पार्ट काउंटरवर जायचं. ऑइल फिल्टर, हायड्रॉलिक फिल्टर, फॅन बेल्ट, क्लच प्लेट, पुढच्या एक्सलचं सील अशी पाच नावं कागदावर लिहून न्यायची, मॉडेल सांगायचं आणि "यातलं आत्ता काय आहे?" एवढंच विचारायचं. फिल्टर आणि बेल्टसुद्धा मागवावे लागणार असतील तर पुढे बोलण्यात अर्थ नाही. क्लच प्लेट दोन दिवसांत येते म्हणाले तर चालेल. मग मागे वर्कशॉपमध्ये एक चक्कर मारा. किती ट्रॅक्टर उघडे पडलेत आणि त्यांच्यावर किती धूळ आहे ते बघा. धूळ खोटं बोलत नाही.

त्याच मॉडेलचे चार मालक गाठा. डीलरने दिलेल्या यादीतला एक, आपण शोधलेले तीन. त्यांना "चांगला आहे का?" असं विचारू नका, आपण घेतलेल्या वस्तूला कुणी वाईट म्हणत नाही. "शेवटचा कधी बंद पडला आणि किती दिवस उभा होता?" असं विचारा. आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. डीलरशिप बदलते. आजचा माणूस उद्या दुसऱ्या कंपनीचं दुकान मांडतो. म्हणून त्याच कंपनीचा दुसरा डीलर टप्प्यात आहे का, तेही पाहून ठेवावं.

ज्याला स्वतःचे हात काळे करायला आवडतात, ज्याच्याकडे पान्ह्यांचा बरा संच आहे आणि सर्व्हिस मॅन्युअल वाचायची तयारी आहे, त्याला लांबचा डीलर चालून जातो. तेल, फिल्टर, ग्रीसिंग, क्लच पेडलचं फ्री प्ले (दाबताना सुरुवातीची मोकळी हालचाल) हे घरी होतं. अशा माणसाने मशीन चांगलं वाटलं तर थोडं लांब जायला हरकत नाही. फक्त वॉरंटीच्या काळात काय केलं, किती तासांना केलं याची नोंद आणि बिलं जपून ठेवावीत.

आता आरामाकडे. "शेतात कसला आलाय आराम!" असं म्हणून हसणारे मीही पाहिलेत, मात्र संध्याकाळी कंबर धरून उतरणारेही तेच असतात. रोटाव्हेटर चालवताना माणूस निम्मा वेळ मान वळवून मागे बघतो. सीट नुसती टणक असेल, पाय गिअरबॉक्सच्या दोन बाजूंना फाकवून बसावं लागत असेल आणि गिअरबॉक्सची ऊब मांड्यांना लागत असेल, तर तिसऱ्या तासाला ओळी वाकड्या होऊ लागतात. म्हणून शोरूमच्या फरशीवर दोन मिनिटं बसून ठरवू नका. निदान अर्धा तास, आपल्या जमिनीवर, आपलं अवजार लावून चालवा. सीट पुढे-मागे सरकते का, वजनाप्रमाणे तिची स्प्रिंग कमी-जास्त होते का, क्लच पूर्ण दाबताना पाठ सीटवरून सुटते का, हे अर्ध्या तासात आपोआप कळतं. भाजीपाल्यात किंवा फवारणीत दिवसाला तीस-चाळीस वेळा चढउतार होते. गुडघे दुखणाऱ्याने पायरीची उंची आणि हाताला धरायला काय आहे ते पाहावं. घरात जे जे कुणी चालवणार त्या सगळ्यांना बसवा. नवऱ्याच्या मापाने घेतलेल्या ट्रॅक्टरचा ब्रेक बायकोच्या पायाला पुरत नाही आणि मग ती चालवतच नाही, असं घडतं.

आवाजाची गोष्ट कुणी मनावर घेत नाही, पण कान गेला की परत येत नाही. अमेरिकेतल्या नायोश या संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबलला आठ तास ही मर्यादा आहे आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे ८८ ला चार तास, ९१ ला दोनच. बिनकॅबचा ट्रॅक्टर जोरावर असताना ९० च्या आसपास सहज जातो. सायलेन्सर कानाजवळ आहे का बघा, आणि काहीही असलं तरी कानावर मफ चढवा. बागेत चालवणाऱ्याने सायलेन्सर वर आहे की खाली, हेही पाहावं, नाहीतर फांद्या होरपळतात.

उलटल्यावर वाचवणारी मागची कमान, म्हणजे रोप्स, नसलेला ट्रॅक्टर मी कुणाला सुचवत नाही. बागेसाठी ती दुमडणारी मिळते. दुमडलेली कमान वाचवत नाही, म्हणून झाडांखालून बाहेर पडलं की ती पुन्हा उभी करायची. कमान उभी असेल तर सीटबेल्ट लावायचा, दुमडलेली असेल तर लावायचा नाही.

एचपीचा हव्यास थोडा आवरा. पत्रकावर छापलेली ताकद इंजिनाची असते, पीटीओवर पोचते ती त्याहून कमी. अवजार निवडताना पीटीओचा आकडा मागा. उचलण्याच्या क्षमतेतही अशीच गोम आहे: काही कंपन्या ती खालच्या लिंकच्या टोकाला मोजून छापतात, काही त्याच्या ६१० मिलिमीटर मागे. दुसरा आकडा लहान दिसतो, पण अवजाराचं वजन तिकडेच कुठेतरी असतं. दोन पत्रकं शेजारी ठेवताना मापाची जागा एकच आहे ना ते बघा. अवजार वर उचलल्यावर पुढची चाकं हलकी होऊन स्टिअरिंग वाऱ्यावर गेलं तर पुढे वजनं लावावी लागतात. ट्रॅक्टरच्या मोकळ्या वजनाच्या निदान २० टक्के भार पुढच्या एक्सलवर राहायलाच हवा. रोटाव्हेटर एवढा रुंद हवा की मागच्या दोन्ही चाकांच्या खुणा पुसल्या जातील. तेवढ्या रुंदीचा रोटाव्हेटर ट्रॅक्टर ओढणार नसेल तर चाकांमधलं अंतर कमी करता येतं का बघा, नाहीतर ट्रॅक्टर चुकलाय.

क्लच एकेरी की दुहेरी, हे विचारायला विसरू नका. एकेरी क्लच दाबला की चाकं थांबतात आणि रोटाव्हेटरही थांबतो. बांधाशी वळताना, मागेपुढे घेताना दर वेळी तो पुन्हा जोर धरेपर्यंत थांबावं लागतं. दुहेरीत अर्ध्या दाबाला फक्त चाकं थांबतात, पीटीओ फिरत राहतो. लोडरचं किंवा गवत कापायचं काम जास्त असेल तर पेडलवर चालणारं हायड्रोस्टॅटिक ट्रान्समिशन, म्हणजे गिअरऐवजी तेलाच्या दाबाने चाकं फिरवणारं, फार सोयीचं. दिवसभर नांगरट असेल तर गिअरच बरा, कारण हायड्रोस्टॅटिकमध्ये ताकद थोडी वाया जाते.

कित्येक छोटे ट्रॅक्टर २५ एचपीच्या जरासे आतच का थांबतात, असा प्रश्न पत्रकं चाळताना पडेल. अमेरिका आणि युरोपात १९ किलोवॅटपासून, म्हणजे साधारण २५ एचपीपासून, धुराचे नियम कडक होतात आणि इंजिनावर बऱ्याचदा काजळी जाळणारा फिल्टर येतो. ज्याचं काम २४ मध्ये भागतं त्याने उगाच वर जाऊन तो फिल्टर सांभाळत बसू नये.

जुना घेणाऱ्यांसाठी एकच सावधगिरी. जपानच्या घरगुती बाजारासाठी बनलेले वापरलेले छोटे ट्रॅक्टर जगभर विकले जातात. यंत्रं टिकाऊ असतात, पण त्याच कंपनीचा अधिकृत डीलरही कधी कधी त्यांचे पार्ट देऊ शकत नाही, कारण ते मॉडेल त्याच्या यादीतच नसतं. मॉडेल नंबर घेऊन आधी पार्ट काउंटर गाठा, मग सौदा.

ट्रॅक्टर दारात आला की पहिल्या दिवशी नांगरटीला जुंपू नका. टायरमधली हवा मोजा, वाहतुकीसाठी ती बऱ्याचदा जास्त भरलेली असते. पहिल्या काही तासांच्या कामानंतर चाकांचे नट पुन्हा आवळा, ते बऱ्याचदा सैल होतात. सुरुवातीचे तास मध्यम जोरावर, गिअर बदलत काढा. नुसता उभा ठेवून तासभर इंजिन चालू ठेवणं जेवढं वाईट, तेवढंच सतत पूर्ण जोर लावणंही. रोटाव्हेटर पहिल्यांदा जोडताना पीटीओ बंद ठेवून अवजार पूर्ण वर आणि पूर्ण खाली करून शाफ्टची लांबी तपासा. जिथे शाफ्ट सगळ्यात आखडतो तिथे त्याची टोकं आत टेकत असतील तर तो मापाने कापून घ्यावा लागतो, नाहीतर पीटीओचं बेअरिंग जातं आणि ते वॉरंटीत बसत नाही. शाफ्टवरचं प्लास्टिकचं कवच अडचण होते म्हणून काढून टाकू नका. ५४० फेरे म्हणजे सेकंदाला नऊ, आणि उपरण्याचं टोक त्यात सापडायला एक फेरा पुरतो.