मिनॉक्सिडिल डोक्याला कसं लावायचं

मिनॉक्सिडिल मूळचं रक्तदाबावरचं औषध. त्याच्या गोळ्या घेणाऱ्यांच्या अंगावर नको तिथे केस वाढू लागले आणि त्यातूनच डोक्याला लावायचं द्रावण आलं. अमेरिकेत १९८८ मध्ये पुरुषांसाठी आणि १९९१ मध्ये स्त्रियांसाठी त्याला मान्यता मिळाली.

आधी केसांची गळती ओळखा, कारण हे औषध आनुवंशिक गळतीसाठी आहे. आनुवंशिक गळतीत पुरुषांचे केस कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून मागे सरकतात आणि माथ्यावर विरळ होतात. स्त्रियांचा भांग रुंदावत जातो, पुढची रेषा मात्र बहुधा टिकते. केस अचानक मूठमूठ गळत असतील, गोल चट्टे पडत असतील किंवा त्वचा लाल होऊन दुखत असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. बाळंतपण, थायरॉइड, लोहाची कमतरता यांमुळे होणाऱ्या गळतीचे उपाय वेगळे आहेत. गरोदर असाल, अंगावर पाजत असाल किंवा हृदयविकार असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे औषध सुरू करू नका.

औषध निवडा. द्रावण २ आणि ५ टक्क्यांचं मिळतं, फोम ५ टक्क्यांचा. पुरुष सहसा ५ टक्क्यांचं औषध दिवसातून दोनदा लावतात. स्त्रियांसाठी २ टक्क्यांचं द्रावण दोनदा किंवा ५ टक्क्यांचा फोम एकदा, असा प्रघात आहे. द्रावणाने खाज सुटली तर त्यातलं प्रोपिलीन ग्लायकॉल हे द्रावक कारण असू शकतं. फोममध्ये ते सहसा नसतं, म्हणून अशा वेळी फोम बरा.

लावताना डोकं कोरडं हवं. विरळ जागी भांग पाडा, ड्रॉपरने १ मिली द्रावण थेट त्वचेवर सोडा आणि बोटांनी हलकेच पसरवा. केसांना चोपडलेलं औषध वाया जातं, कारण ते मुळांपर्यंत पोचायला हवं. लगेच हात धुवा. पुढचे चार तास डोकं धुऊ नका. रात्री झोपण्याच्या दोन-तीन तास आधीच लावा, नाहीतर उशीला लागून ते चेहऱ्यावर येतं आणि तिथेही लव वाढते. एखादी वेळ चुकली तर पुढच्या वेळी दुप्पट लावू नका. घरात मांजर असेल तर बाटली आणि उशी दोन्ही तिच्यापासून लांब ठेवा. हे औषध मांजरांना जीवघेणं ठरू शकतं.

आता खरी परीक्षा. पहिल्या काही आठवड्यांत केस उलट जास्त गळू शकतात. विश्रांतीच्या अवस्थेतले जुने केस पडून नवे वाढीला लागतात, त्याची ही खूण. नेमकं इथेच बरेच जण बाटली कपाटात टाकतात. ही वाढीव गळती काही आठवड्यांत ओसरते. तीन महिने उलटूनही थांबली नाही तर दाखवून घ्या. छातीत धडधड, चक्कर, हातापायांवर सूज जाणवली तर मात्र औषध तिथेच थांबवून डॉक्टरांना गाठा.

फरक दिसायला किमान चार महिने लागतात आणि पक्का निर्णय वर्षभराने घ्यावा. आरशावर विसंबू नका. दर महिन्याला त्याच जागी, त्याच उजेडात माथ्याचा आणि भांगाचा फोटो काढा. मोकळ्या, गुळगुळीत झालेल्या जागी फारशी आशा धरू नका, विरळ जागी जास्त उपयोग होतो. आणि सुरू करण्याआधीच मनाशी ठरवा, कारण औषध सोडलं की मिळवलेले केस काही महिन्यांत पुन्हा जातात. वर्षानेही फोटोंत फरक नसेल, तर पोटात घ्यायच्या गोळ्या किंवा केसरोपण यांविषयी त्वचारोगतज्ज्ञांशी बोला.