स्मारकाची पाटी: आधी वाचा, मग धुवा

सोलापुरात स्मारकांची धुलाई निघते ती २६ जानेवारी नि १५ ऑगस्टच्या आदल्या संध्याकाळी, नाहीतर १२ जानेवारीला. १९३१ साली याच दिवशी चार हुतात्म्यांना येरवड्यात फाशी दिली गेली. घाईत एकजण ॲसिडची बाटली आणतो, दुसरा ऑइल पेंटचा डबा. उन्हापावसापेक्षा जास्त नुकसान हेच दोघे करतात.

पहिल्या महायुद्धाच्या गावोगावच्या पाट्यांचा मजकूर ठरावीक असतो: या गावातून इतके गेले, त्यांपैकी इतके मेले. साल १९१४–१९१९ असे दिसले तर ते चुकीचे समजून 'सुधारू' नका. लढाई नोव्हेंबर १९१८ मध्ये थांबली, पण व्हर्सायचा तह १९१९ चा.

वाचन दिवेलागणीनंतर करा. टॉर्च पाटीला जवळजवळ टेकवून बाजूने धरली की कोरीव अक्षराचा एक काठ उजळतो, दुसरा सावलीत जातो आणि पुसट नावही उठून येते. चारही बाजूंनी प्रकाश टाकून फोटो घ्या; कॅमेरा पाटीसमोर सरळ, शेजारी मोजपट्टी. खडू, पीठ, भस्म चोळू नका, ते खाचेत बसून राहते. मजकूर ओळीला ओळ उतरवा, न लागलेल्या अक्षराची जागा मोकळी ठेवा. पलटणीचा आकडा विशेष जपा: १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७ या मराठा पलटणी १९२२ मध्ये एकाच रेजिमेंटखाली आल्या. नावे महायुद्धांत मेलेल्या सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर मोफत शोधता येतात. इंग्रजीत ती कानाला ऐकू आली तशी लिहिलेली असल्याने आडनावापेक्षा पलटण आणि मृत्यूची तारीख टाकून शोधलेले बरे.

आता दगड. काळा पाषाण आणि ग्रॅनाइट सोसतात. संगमरवर, कडप्पा आणि आपली शहाबादी फरशी मात्र चुन्याच्या जातीची, त्यांना ॲसिड खाते. लिंबू, व्हिनेगरही नको. शंका असेल तर चुनखडीच धरून चाला. तारेचा ब्रश बाद; मऊ नायलॉनचा कोरडा ब्रश, मग साधे पाणी, खालून वर, म्हणजे मळकट ओघळ कोरड्या दगडात मुरत नाहीत. बोअरचे जड पाणी वाळल्यावर पांढरे डाग सोडते, म्हणून शेवटचा हात फिल्टरच्या पाण्याचा. शेवाळ भिजवून बांबूच्या कामटीने काढा. कुंकवाच्या डागावर मुलतानी मातीचा बोटभर जाड लेप, वर प्लास्टिक, एक दिवसाने उघडून वाळू द्या. एका खेपेत जातोच असे नाही. हाराच्या तारेचा गंज तर जवळपास जात नाही, तेव्हा हार सुतळीनेच बांधा.

अक्षरांत शिसे ओतलेले असेल तर त्याला हात लावू नका. रंगाचीच अक्षरे असतील तर शून्य नंबरच्या ब्रशने दाट इनॅमल भरा. पातळ रंग संगमरवरात पसरतो. आधी कोपऱ्यातल्या एका अक्षरावर पाहा. बाहेर आलेला रंग ओला असतानाच टर्पेंटाइनच्या किंचित ओल्या फडक्याने खाचेवरून आडवा पुसा. काम सकाळीच उरका; तापल्या दगडावर ब्रश ओढतो आणि रंगाला पापुद्रे येतात. अख्ख्या पाटीवर वॉर्निश कधीच नको, आतली ओल कोंडते.

सांधे उघडे पडले असतील तर सिमेंट नको. चुना १, चाळलेली वाळू ३. सिमेंट ओल बाहेर सोडत नाही, मग क्षार दगडातून वाट काढतात आणि पहिल्यांदा कडेची नावे कपच्यांबरोबर सुटतात.