मित्रांसोबत गरवायला जायचंय? आधी भरती बघा, मग ग्रुपवर मेसेज टाका

गोव्यात नदीकाठी गरी टाकून बसायचा बेत ठरला की ग्रुपवर पहिला प्रश्न येतो, रविवारी किती वाजता? इथेच गडबड होते. वेळ पाणी ठरवतं, आपण नाही. सकाळी नऊ सगळ्यांना जमतंय पण त्या वेळी पाणी नुसतं उभं असेल तर दुपारपर्यंत आमिषाची सुंगटं (कोळंबी) भिजवत बसायचं आणि येताना मार्केटातून मासे घेऊन यायचे.

म्हणून पहिलं काम म्हणजे मोबाइलवर भरती-ओहोटीचं टेबल उघडायचं. आपल्याकडे दिवसाला साधारण दोन भरत्या, दोन ओहोट्या, चढायला-उतरायला सहा तासांच्या आसपास, आणि रोजची वेळ अंदाजे 50 मिनिटं पुढे जाते. आता सात दिवसांचा हिशोब करा, जवळपास सहा तास होतात, म्हणजे गेल्या रविवारी ज्या वेळेला मस्त भरती होती त्याच वेळेला या रविवारी ओहोटी लागलेली असणार. "गेल्या वेळी इथेच मिळाला होता रे" म्हणणारा मित्र असतोच, त्याला हे सांगा. टेबलात बहुतेक मुरगाव बंदराची वेळ असते, मांडवीत किंवा झुवारीत जितके आत जाल तितकं पाणी उशिरा पोचतं, ते धरून चाला.

अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, ओढ इतकी की दोरीला वजन म्हणून लावलेलं हलकं शिसं तळाला टिकत नाही. अष्टमीच्या आसपास पाणी फारच मंद. नवीन असाल तर मधले दिवस पकडा. त्यातही भरती चढायला लागली की पहिले दोन-तीन तास आणि उतरायला लागली की तासभर, ही माझ्या मते खरी वेळ, आणि हीच वेळ पहाटे किंवा दिवस बुडताना आली तर सरळ हाफ डे टाका. भरती पूर्ण भरून थांबली की चहा प्यायचा, तेव्हा काही होत नाही.

जागा. तांबोशी आणि गोबरो हे मासे दगडांजवळ, पुलाच्या खांबांजवळ, जेटीच्या कडेला, खारफुटीच्या मुळांत दडून असतात, मोकळ्या पाण्यात लांब फेकून फुशारकी मारण्यात अर्थ नाही. चोणक ओहोटीला छोट्या ओहोळाच्या तोंडाशी टपून बसतो कारण आतली बारीक मासळी पाण्यासोबत बाहेर येते. काळुंद्र पाहिजे तर बारीक गरी आणि पिठाची गोळी पुरे. मानशीवर, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायच्या बांधातल्या दारावर, मात्र विचारल्याशिवाय बसू नका, खाजनातल्या (नदीकाठच्या बांध घातलेल्या खाऱ्या जमिनीतल्या) मानशीच्या मासेमारीचा लिलाव होतो, ज्याने पैसे भरलेत त्याचा तो हक्क. चोडणचं सलीम अली पक्षी अभयारण्य सोडून द्या. फेरीबोट लागते तिथे दोऱ्या टाकू नका. आणि कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत, खऱ्या मगरी, तिथे गुडघाभर पाण्यात उभं राहून हिरोगिरी नको.

सामानावर सुरुवातीला हजारो रुपये घालू नका. जाड तंगूस (नायलॉनची दोरी), अर्धा मिलिमीटरच्या आसपास, एका रिकाम्या बाटलीला गुंडाळला की हातदोरी तयार. तंगुसात मधे भोक असलेलं शिसं ओवा, मग स्विव्हल (दोरीला पीळ पडू न देणारी फिरती कडी) बांधा, त्याच्या पुढे दीड-दोन फूट अजून जाड तंगूस आणि टोकाला गरी. शिसं मोकळं सरकतं त्यामुळे मासा आमिष ओढतो तेव्हा त्याला वजन लागत नाही.

गाठ नीट घाला, निम्मे मासे गाठीत जातात. तंगूस गरीच्या भोकातून काढा, सुटं टोक मूळ दोरीला पाच-सहा वेळा पिळा, मग ते टोक भोकाजवळ राहिलेल्या छोट्या फटीतून घाला आणि त्यामुळे जो मोठा फास झाला त्यातूनही परत घ्या. आता तोंडातली थुंकी लावून ओलं करा आणि हळूहळू ओढा. कोरडं ओढलंत तर घासून तंगूस तापतो आणि तिथेच कमजोर होतो. वेटोळी एकावर एक चढलेली दिसली तर कापून टाका, परत बांधा, आळस नको.

आमिषाला जिवंत सुंगट सगळ्यात भारी. पागणाऱ्यांकडून, म्हणजे फेकजाळं टाकणाऱ्यांकडून, पहाटे घ्या आणि बादलीत नदीचंच पाणी भरा, नळाच्या पाण्यात ती पटकन मरतात. डोक्याच्या कवचातून आरपार एक काळा डाग दिसतो, तो टाळून कवचाच्या पुढच्या टोकाशी आडवी गरी घाला, सुंगट बराच वेळ फडफडत राहतं. मेलेलं असेल तर शेपटीकडून ओवा. पावसात पाणी गढूळ झालं की मासा वासावर येतो, तेव्हा आमिष ताजंच पाहिजे, फ्रीजमधलं मागच्या आठवड्याचं चालवू नका.

आता मित्र. दोन दोऱ्यांत चांगली दहा-पंधरा पावलं ठेवा, नाहीतर पहिल्याच ओढीला सगळ्यांचा गुंता आणि मग शिव्या. कुणाला मोठा लागला की बाकीच्यांनी आपापल्या दोऱ्या वर घ्यायच्या आणि एकाने जाळं धरायचं, सगळ्यांनी मोबाइल धरायचा नाही. तांबोशी लागताक्षणी दगडात घुसायला बघते, पहिल्या काही सेकंदांत ढील दिलीत की गेली. चोणक उलट वर उडी मारून डोकं झटकतो, तेव्हा दोरी सैल पडू देऊ नका. काही झालं तरी दोरी तळहाताला गुंडाळायची नाही, मोठा मासा पळत सुटला की तंगूस सरळ मांसात जातो.

गरी काढताना पण सांभाळून. चोणकाच्या कल्ल्याच्या झाकणाची कड ब्लेडसारखी असते, तिथे बोटं घालू नका. शिंगाळा मासा आला तर त्याच्या पाठीवरचा आणि बाजूचे काटे विषारी, फडक्यात धरा, पक्कड वापरा. काटा लागलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवा, त्याचं विष उष्णतेने कमी होतं, आणि मग डॉक्टरकडे जा, कारण काट्याचा तुकडा आत राहू शकतो. थर्मासमध्ये गरम पाणी न्यायचं ते फक्त चहासाठी नाही.

1 जून ते 31 जुलै ट्रॉलरना बंदी, मार्केटात मासे महाग, त्यामुळे तेव्हा काठावर गर्दी वाढते. नदीकाठी बसा, पण समुद्राकडच्या खडकांवर त्या दिवसांत चढूच नका, आणि वीज चमकली की रॉड खाली ठेवून गाडीत जाऊन बसा.

वीतभर तांबोशी आली तर परत सोडा, तेवढ्यात कुणाचंच पोट भरत नाही. ठेवायचा मासा लगेच बर्फात घाला, नुसते खडे नको, थोडं पाणी घातलेला बर्फ सगळीकडून लागतो. आणि तांबोशीचं डोकं हुमणाला (माशाच्या आमटीला) कोण नेणार हे काठावरच ठरवा, गाडीत बसल्यावर त्यावरून भांडणं होतात.