व्यवहारांचा डेटा उशिरा पोहोचतोय? सर्व्हर वाढवण्याआधी या चुका टाळा

पेमेंट होते, ग्राहकाला मेसेजही जातो, पण रिपोर्टमध्ये तो व्यवहार वीस मिनिटांनी उगवतो. अशा वेळी पहिली सूचना हमखास येते ती सर्व्हर वाढवण्याची. ती बहुधा वाया जाते, कारण त्या वीस मिनिटांत डेटावर काम चाललेलेच नसते. तो कुणाच्या तरी कमिटसाठी (डेटाबेसमधला बदल पक्का होण्यासाठी), पुढच्या बॅचसाठी, नाहीतर काफ्का या संदेश वाहून नेणाऱ्या प्रणालीतल्या एखाद्या रिकाम्या पार्टिशनसाठी (संदेशांच्या रांगेच्या एका भागासाठी) ताटकळत असतो.

एकाच टाइमस्टॅम्पवर विसंबणे

प्रत्येक व्यवहाराच्या चार वेळा नोंदवा: घडल्याची, सोर्स डेटाबेसमध्ये कमिट झाल्याची, काफ्कात पोहोचल्याची आणि शेवटच्या टेबलात लिहिल्याची. लागोपाठच्या वेळांची वजाबाकी केली की अडलेला टप्पा उघडा पडतो. सगळ्या वेळा यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) ठेवा. फरक ऋण आला तर सर्व्हरची घड्याळे जुळत नाहीत. नेमका तासांच्या किंवा अर्ध्या तासाच्या पटीत आला तर आधी टाइमझोन तपासा.

आणि सरासरी पाहू नका. 100 पैकी 98 व्यवहार 2 सेकंदांत आणि 2 व्यवहार 10 मिनिटांत आले, तर सरासरी येते सुमारे 14 सेकंद. हा अनुभव 100 पैकी एकाही व्यवहाराचा नाही! 50वा आणि 99वा पर्सेंटाइल, म्हणजे 50 टक्के आणि 99 टक्के व्यवहार जितक्या वेळात पोहोचतात त्या वेळा, शेजारी शेजारी लावा.

कमिटची वेळ विसरणे

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये नाऊ() हे फंक्शन ट्रान्झॅक्शन (एकत्र कमिट होणाऱ्या बदलांचा गट) सुरू झाल्याची वेळ देते, ओळ लिहिल्याची किंवा कमिटची नव्हे. सीडीसी (डेटाबेसमधले बदल टिपणारी यंत्रणा) मात्र साधारणपणे कमिट झाल्यावरच बदल पुढे पाठवते. त्यामुळे 18 मिनिटे चाललेल्या ट्रान्झॅक्शनच्या सगळ्या ओळी एकदम येतात आणि पाइपलाइन (डेटा पुढे नेणारी साखळी) 18 मिनिटे मागे असल्यासारखी दिसते. पाइपलाइनचा यात दोष नाही. मोठे अपडेट काही हजार ओळींच्या तुकड्यांत कमिट करा.

अपडेटेड-अ‍ॅट कॉलम पाहून नव्या ओळी उचलणाऱ्या जॉबमध्ये याच कारणाने ओळी कायमच्या हरवतात. समजा 10:05ला जॉबने तोपर्यंतचे सगळे उचलले आणि खूण 10:05वर ठेवली. 10:02ला सुरू झालेले ट्रान्झॅक्शन 10:06ला कमिट झाले. त्याच्या ओळीवर 10:02 आहे, त्यामुळे पुढची फेरी तिच्याकडे बघणारच नाही. उपाय असा: दर फेरीत खुणेच्या मागे जाऊन वाचा. किती मागे? सर्वांत लांब चालणाऱ्या ट्रान्झॅक्शनपेक्षा जास्त. दुबार आलेल्या ओळी प्रायमरी की (ओळीची एकमेव ओळख) वापरून अपसर्ट करा, म्हणजे ओळ आधीच असेल तर बदला, नसेल तर घाला.

काफ्काचा एकूण लॅग पाहून निर्णय घेणे

लॅग, म्हणजे वाचायचे राहिलेले संदेश, पार्टिशनवार पाहा. सगळीकडे सारखा वाढत असेल तरच क्षमता कमी आहे. एकाच पार्टिशनवर साचला असेल तर एखाद्या मोठ्या खात्याच्या कीचा (संदेश कोणत्या पार्टिशनमध्ये जाणार हे ठरवणाऱ्या मूल्याचा) सगळा भार तिथे पडतोय, किंवा एखादा बिघडलेला संदेश पुन्हा पुन्हा प्रक्रियेत जाऊन अडतोय. पारंपरिक कन्झ्युमर ग्रुपमध्ये (संदेश वाटून वाचणाऱ्या प्रोग्रामांच्या गटात) 6 पार्टिशनना 10 कन्झ्युमर लावले तर 4 बसूनच राहतात. पार्टिशन वाढवले तर कीची वाटणी बदलते, एकाच खात्याच्या व्यवहारांचा क्रम बिघडू शकतो, आणि ती जड की तरीही एकाच पार्टिशनमध्ये जाते.

लॅग थोडा उतरून पुन्हा चढत असेल तर रिबॅलन्स (कन्झ्युमरमधली पार्टिशनची फेरवाटणी) शोधा. मूळ सेटिंगनुसार कन्झ्युमर एका पोलमध्ये (संदेश मागण्याच्या एका फेरीत) जास्तीत जास्त 500 संदेश घेतो, आणि 5 मिनिटांत पुढचा पोल आला नाही तर त्याला ग्रुपबाहेर काढले जाते. एका संदेशाला 0.7 सेकंद लागत असतील तर 500चे 350 सेकंद होतात, म्हणजे मर्यादा ओलांडली. तेच संदेश दुसऱ्याकडे जातात, तोही बाहेर पडतो. मॅक्स-पोल-रेकॉर्ड्स 100वर आणा.

दुरुस्तीनंतर लगेच सुटकेचा निःश्वास टाकू नका. 6 लाख संदेश साचलेत, सेकंदाला 1,000 नवे येताहेत आणि 1,500 उरकताहेत, तर निव्वळ वेग 500चा; साठा संपायला 20 मिनिटे लागणारच.

लॅग नाही म्हणजे उशीर नाही, असे मानणे

फ्लिंक या वाहत्या डेटावर प्रक्रिया करणाऱ्या साधनातून एक्झॅक्टली-वन्स (प्रत्येक नोंद नेमकी एकदाच) पद्धतीने काफ्कात लिहिताना ट्रान्झॅक्शन चेकपॉइंट (कामाची स्थिती ठराविक अंतराने जपून ठेवणे) पूर्ण झाल्यावर कमिट होते. चेकपॉइंट दर 10 मिनिटांनी असेल, तर रीड-कमिटेड (फक्त कमिट झालेले वाचणाऱ्या) वाचकाला डेटा तितका उशिरा दिसू शकतो. चेकपॉइंटचे अंतर कमी करा. वाचक रीड-अनकमिटेडवर टाकण्याची पळवाट काढू नका, रद्द झालेल्या ट्रान्झॅक्शनमधले संदेशही मोजले जातील.

विंडोचे (ठराविक कालखंडाच्या हिशोबाचे) निकालच येत नसतील तर रिकामे पार्टिशन शोधा. वॉटरमार्क (कुठल्या वेळेपर्यंतचा डेटा आला हे सांगणारी खूण) सर्वांत मागे असलेल्या पार्टिशनच्या चालीने सरकतो, आणि जिथे काहीच येत नाही ते सगळ्यांना अडवून धरते. विथ-आयडलनेस लावून, समजा 1 मिनिट गप्प राहिलेले पार्टिशन हिशोबातून वगळा. ही मुदत फार आखूडही नको: वगळलेल्या पार्टिशनमधून जुना व्यवहार नंतर आला आणि विंडो बंद झालेली असली, तर तो मूळ सेटिंगमध्ये गुपचूप टाकून दिला जातो. अशा नोंदी साइड आउटपुटमध्ये (वेगळ्या प्रवाहात) वळवा आणि रोज मोजा.